वाळलेला साग पाडू का?

प्रश्न : आमच्या बांधावर एक जुना साग पार वाळलाय, पलीकडे लगेच जंगल सुरू होतं. त्याच्या ढोलीत छोटी घुबडं आहेत आणि ती भरदुपारीही दिसतात. घरचे म्हणतात अपशकुन आहे, झाड पाडा, सरपण तरी होईल. हा रानपिंगळा असेल का?
– एक वाचक, तळोदा

उत्तर : दादा, आधी कुऱ्हाड खाली ठेवा. तळोदा वाचूनच धस्स झालं, कारण रानपिंगळा 1884 नंतर कुणाला धड दिसलाच नव्हता, संपला असंच सगळे धरून चालले होते, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो सापडला कुठे, तर तुमच्या शेजारी शहाद्याजवळच्या जंगलात! नंतर मेळघाट, यावल, अगदी मुंबईजवळच्या तानसातही दिसला, तरी आज तो धोक्यातलाच पक्षी आहे.

पण दिवसा दिसला म्हणजे रानपिंगळाच असं नाही हं, साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. डोकं नीट बघा. डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असले तर साधा पिंगळा. डोकं जवळपास कोरं, छाती गडद तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले, आणि दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून सरडे हेरतोय, तर शक्यता बरीच. लांबूनच फोटो काढा, वनविभागाला दाखवा, मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू मात्र नका.

कुठलाही पिंगळा असो, झाड राहू द्या. त्याला स्वतः ढोली कोरता येत नाही, सुतार पक्ष्याने कोरलेली नाहीतर फांदी मोडून कुजून झालेलीच लागते, आणि खोड तेवढं जाड व्हायला कित्येक वर्षं जातात, त्यामुळे एक म्हातारं झाड पाडून दहा रोपं लावली तरी त्याचं घर काही परत मिळत नाही. शिवाय साग स्वतःच्या बांधावरचा असला तरी तोडायला परवानगी लागतेच.

घरच्यांना सांगा, तो तुमच्या शेतातले उंदीर खातो. आणि मोहाची फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला पेटवतात ना, त्याच्या आधीच या सागाच्या बुडाचा पाचोळा लांबवर झाडून घ्या, वाळकं खोड एका ठिणगीने पेटतं. फोटो आला की आम्हालाही पाठवा, वाट बघतोय.