हिरवा दिवा, जाम बेअरिंग

प्रश्न : काका, मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातच्या औद्योगिक वसाहतीत) आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. ब्लोअरच्या 15 एचपी मोटरवर दिवाळीत व्हायब्रेशन आणि तापमान मोजणारा वायरलेस सेन्सर बसवला. मोबाइलवर रोज हिरवं दिसायचं. तरी फेब्रुवारीत बेअरिंग जाम झालं, दोन दिवस काम ठप्प. व्हायब्रेशनचे आकडे (सेकंदाला मिलिमीटर) असे : नोव्हेंबरात 1.1, जानेवारीत 2.6, शेवटच्या आठवड्यात 3.9. अलार्म 7.1 वर होता. सेन्सरचे पैसे पाण्यात गेले का? सोबत मोटरचा फोटो.
— एक वाचक, बडोदे

उत्तर : सेन्सरला दोष देऊ नका, त्याने बरोबर मोजलं. चुकला तो अलार्म. 15 एचपी म्हणजे साधारण 11 किलोवॉट. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या जुन्या ढोबळ तक्त्यात 15 किलोवॉटपर्यंतच्या यंत्राला सेकंदाला 1.8 मिलिमीटरपर्यंत व्हायब्रेशन चालतं, 4.5 पर्यंत फार दिवस चालवायचं नसतं, त्यापुढे धोका. 7.1 ही मर्यादा त्याहून मोठ्या, 75 किलोवॉटपर्यंतच्या यंत्रांची. बसवणाऱ्याने सगळीकडे एकच आकडा टाकला असणार. जानेवारीतच तुमचं बेअरिंग हातातून निघालं होतं. मी तर तक्ताही बाजूला ठेवतो : स्वतःच्या चांगल्या दिवसाच्या दुप्पट झालं की फिटरला बोलवा. तुमच्या बाबतीत 2.2.

आता फोटो. सेन्सर मोटरच्या मधल्या फिन्सवर (मोटर थंड ठेवणाऱ्या धातूच्या कडांवर), तोही दुहेरी चिकटपट्टीने! बेअरिंगमधली पहिली बारीक चीर उंच फ्रिक्वेन्सीत बोलते आणि ती पट्टी नेमकं तेच गिळते. बेअरिंग ज्यात बसतं त्या हाऊसिंगवर, पुली असलेल्या बाजूला, रंग खरवडून बोल्टने बसवा. नोकरीत आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथेच टेकवून मूठ कानाला लावायचो; जागा तेव्हाही हीच होती.

तापमानावर विसंबू नका. बेअरिंग तापायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्यात तुमच्याकडे शेजारी ओव्हन, वर पत्रा आणि पुढे बडोद्याचा मे महिना.

जुनं बेअरिंग भंगारात टाकलं नसेल तर बाहेरची रिंग कापून आतून पाहा. एकाच बाजूला खड्डे असतील तर पट्टा जास्त ताणलेला होता का, ते तपासा. धोब्याच्या पाटासारख्या समान अंतरावरच्या आडव्या रेषा दिसल्या, तर गोष्ट वेगळी : ब्लोअरला वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर शाफ्टमधून वाहणारा करंट बेअरिंग खातोय. तसं असेल तर इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंग रिंग लागेल, नाहीतर नवं बेअरिंगही याच वाटेने जाईल. कापलेल्या रिंगचा फोटो पाठवा, पुढच्या अंकात बघू.