जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये राजकारणावरून सारखं वाजतं. त्या विषयावर बंदी घालावी का?

घालू नका. भांडणं थांबतील, पण त्यांच्याबरोबर निम्मी मजाही जाईल आणि मागे गुडघेदुखी नि सुनांच्या तक्रारी उरतील. आमच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात ही बंदी 2022 पासून आहे, म्हणून ठामपणे सांगतेय.

आमच्यात स्टेशनावरून ओळख. डोंबिवलीच्या ताई कट्टर कमळ. अंबरनाथ आणि कल्याणच्या मावशी दोघी शिवसेना, तेव्हा ती एकच होती. मी माहेरची सांगलीकर, म्हणजे काँग्रेस, चॉइस नव्हता. रोज टोमणे चालायचे, आणि भाजी निवडता निवडता सरकारं पडायची.

23 नोव्हेंबर 2019 चा शनिवार. महिन्यातला चौथा, त्यामुळे बँकवाल्या आणि सरकारी नोकरीवाल्या सुट्टीवर, डबा ऐसपैस. आदल्या संध्याकाळी पवारांनी सांगितलं होतं की उद्धव ठाकऱ्यांच्या नावावर एकमत झालंय, आणि सकाळच्या पेपरातही तेच. मावशी कल्याणला चढल्या त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. सगळ्यांनी घेतला. डोंबिवलीला ताई चढल्या, त्यांनी हात मागे घेतला. "शुगर आहे मला."

दिवा गेलं आणि कुणाच्या तरी फोनवर आलं की राजभवनात फडणवीसांनी शपथ घेतली, सोबत अजित पवार. "जुना फोटो असेल," मावशी म्हणाल्या. तेवढ्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली (तेव्हा फास्ट लोकल तिथूनच जायच्या) आणि रेंज गेली. त्या अंधारात जो कल्ला झाला तो मला आयुष्यभर पुरेल. कुणी म्हणतंय फॉरवर्ड आहे, कुणी म्हणतंय दादा असं करूच शकत नाहीत, कुणी म्हणतंय दादाच करू शकतात. बाहेर पडल्याबरोबर सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. खरं होतं. ताईंनी शांतपणे मावशींच्या मांडीवरचा बॉक्स ओढला आणि दोन पेढे लागोपाठ खाल्ले. "आता बरी आहे शुगर." मावशी इतक्या हसल्या की ठाण्याला उतरणारीला वाट द्यायची राहून गेली, तिच्या शिव्या आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. मंगळवारी फडणवीसांनी राजीनामा दिला. बुधवारी ताई कुणी न मागता पाव किलो पेढे घेऊन आल्या.

आता सांगा, हवापाण्यावर बोलून असली सकाळ मिळते का?

पुढे जून 2022 मध्ये सेना फुटली, मग अंबरनाथ एकीकडे, मावशी दुसरीकडे. तरी चाललं होतं. ऑगस्टमध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर 50 खोक्यांच्या घोषणा झाल्या आणि मावशींनी अंबरनाथला सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्या घरी किती आले गं?" तिचा नवरा शाखेत बसणारा, घर अजून हप्त्यांवर. ती रडली आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या डब्यात चढायला लागली. मावशी चुकल्याच, ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण ताईंनी काय करावं? जाहीर करून टाकलं की आजपासून डब्यात राजकारण बंद. अहो, काढला होता तो नवरा, राजकारण कुठे आडवं आलं? नेत्यांना वाट्टेल ते म्हणा, समोरचीच्या घरात शिरू नका, एवढा एक नियम पुरला असता. मी तेव्हाही हेच म्हणत होते.

या बंदीचं नुकसान मला 2024 च्या जूनमध्ये कळलं. सांगलीची जागा आघाडीने उद्धवसेनेला दिली, मशालीवर उभे राहिलेले पैलवान चंद्रहार पाटील तिसरे आले आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष निवडून आले. म्हणजे माझा पक्ष जिंकला की हरला, हे मलाही सांगता येईना. असा आयता मुद्दा हाती असताना डब्यात कुणी एक शब्द बोललं नाही. एरवी मला सीएसएमटीपर्यंत सोललं असतं.

एक मात्र आहे. ग्रुपमधल्या कुणाच्या घरची चूल पक्षावर चालत असेल, किंवा कुणी निवडणुकीला उभं असेल, तर जपून. जातीधर्मावर घसरणारी कुणी असेल तर तिला गप्प करा, तिथे मीसुद्धा ताईंच्या बाजूने. आणि तुमच्या ग्रुपमध्ये नेमकं कशावरून वाजतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे माझं सगळंच लागू पडेल असं नाही.

पण बंदीचा प्रस्ताव कोण मांडतंय ते जरूर बघा. ताई अजून म्हणतात, अंबरनाथसाठी केलं. अंबरनाथ म्हणते, मला कुणी विचारलंच नाही. माझं मत वेगळं आहे. 30 जून 2022 ला सत्ता आली खरी, पण फडणवीस उपमुख्यमंत्री, आणि तेव्हापासून ताई गाडीत चढल्या की कुणीतरी "या, उपमुख्यमंत्री" म्हणायचंच. ते त्यांना झोंबत होतं. 5 डिसेंबर 2024 ला फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा ताई डोंबिवलीपासून दादरपर्यंत एकट्या बोलत होत्या. मी बंदीची आठवण करून दिली तर म्हणाल्या, "हे राजकारण नाही गं, आनंद आहे." दुसऱ्या दिवसापासून बंदी परत लागू.