कागदी गव्याला कुबट वास: माझा हत्ती असाच गेला

फोंड्याच्या ताई, तुमच्या कागदाच्या लगद्याच्या गव्याचा फोटो आणि 'हे कशाने झालं, आता काय करू?' हा प्रश्न पाहिला. करवंटीच्या डोळ्यांतली ती मिस्कील नजर झकास जमलीय. पण 'पोटाला भेग, आतून कुबट वास, मानेवर तांबूस डाग' वाचलं आणि मला माझा हत्ती आठवला.

सांगाडा, लगदा, खळ हे तुम्हाला येतंच, त्यावर बोलत नाही. मी काही कला महाविद्यालयात शिकलो नाही, हे अनुभवाचे बोल समजा.

मी ही कला आमच्या वाड्यावरच्या (वस्तीतल्या) पोरांसोबत दिवाळीचा नरकासुराचा पुतळा करताना शिकलो. बांबू, गवत, वर्तमानपत्रं, खळ, वर रंग. घोळ तिथेच झाला. नरकासुराला एक रात्र उभं राहायचं असतं, पहाटे त्याला जाळतात. हत्तीला वर्षानुवर्षं टिकायचं होतं आणि मी तो नरकासुरासारखाच केला, तोही जुलैत! चार दिवसांत सहा थर. हाताला कोरडा लागला म्हणून व्हार्निशचे दोन हात मारले. आतली ओल आतच कोंडली. खळ म्हणजे मैदा, बुरशीला मेजवानीच. तिसऱ्या आठवड्यात सोंड गुडघ्यापर्यंत लोंबली, आतली काळी बाइंडिंग वायर (साधी लोखंडी तार) गंजून पार गेली होती.

हा हत्ती प्रदर्शनात मांडायचा होता. त्या प्रदर्शनवाल्या कार्यालयाचं तर विचारूच नका. अर्जात 'खेळणी' आणि 'मूर्ती' एवढेच रकाने. कागद, तार, करवंटी, शिंपले एकत्र म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "मग नक्की काय लिहू?" त्यासाठी तीन खेपा. सोंड पडल्यावर चार दिवस मागितले तर नाही म्हणाले, आणि स्टॉलचे पैसेही बुडाले. असो.

आता माझा नियम एकच, तो म्हणजे वजनकाटा. प्रत्येक दोन थरांनंतर थांबायचं. गालाला लावून गार लागलं तर आत ओल आहे. सलग तीन दिवस वजन तेच भरलं तरच पुढचा थर. पावसात याला पंधरवडा लागतो, लागू दे. पंखा चालेल, हीटर नको. वरचा थर आधी आकसतो आणि भेगा पडतात. पोटाखाली बोटभर भोक ठेवा, ते सगळ्यात शेवटी बुजवा.

तार जस्ताचा मुलामा दिलेली घ्या. बुरशी लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, पण तो विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, हातमोजे घाला, आणि पोरांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत तर नकोच. शिवाय तो उघड्या तारेला खातो, म्हणून तारेवर आधी टेप गुंडाळा. किनाऱ्यावरचं लाकूड आणि शिंपले आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढतं. आणि प्रवाळ दिसलं तरी उचलू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहे.

तुमच्या गव्याचं म्हणाल तर डाग रंगाने झाकू नका, तार आतून गंजतच राहील. पोट कापा, बुरशी तोंडाला फडकं बांधून खरवडा, पंख्याखाली ठेवा. लगदा बोटाने चुरतोय? मग तेवढा भाग काढूनच टाका. मान नव्या तारेवर उभी करा.

डावं शिंग मात्र सरळ करायला जाऊ नका, ते वाकडंच छान दिसतंय.