पेनसिल्व्हेनियातील स्वयंसेवी फायर कंपनी: येऊ इच्छिणाऱ्या एका कुटुंबाला उत्तर

मॅल्व्हर्न येथील नोकरी स्वीकारून पत्नी व मुलीसह चेस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) स्थायिक होण्याचे आपण ठरवले आहे. एक्स्टनच्या परिसरात घर पाहताना तेथील अग्निशमनाचे काम स्वयंसेवकांवर चालते हे समजल्यावर आपण दोन प्रश्न विचारले आहेत: घराला आग लागली तर वेळेवर कोणी येईल का, आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला अशा दलात सामील होता येते का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र दुसऱ्या होकाराला काही अटी आहेत आणि त्या घरच्यांशी बोलल्याशिवाय मान्य करू नयेत, असे मला मुद्दाम सांगायचे आहे. मी शेजारच्या लँकेस्टर काउंटीत राहतो आणि तेथील एका फायर कंपनीचा, म्हणजे स्वयंसेवी अग्निशमन दलाचा, सभासद आहे.

महाराष्ट्रात अग्निशमन म्हणजे महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे खाते, पगारी जवान आणि १०१ हा क्रमांक, अशी आपली समजूत असल्यामुळे स्वयंसेवक म्हटले की कामचलाऊ व्यवस्थेची शंका येते. येथे ती शंका रास्त नाही. २०२० साली अमेरिकेतील सुमारे १०,४१,२०० अग्निशामकांपैकी ६,७६,९००, म्हणजे ६५ टक्के, स्वयंसेवक होते, आणि पेनसिल्व्हेनियातील नव्वद टक्क्यांहून अधिक फायर कंपन्या स्वयंसेवीच आहेत. या पद्धतीचा उगमही याच राज्यातला आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी डिसेंबर १७३६ मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी स्थापन केली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान बाहेर काढण्यासाठी पिशव्या स्वखर्चाने सज्ज ठेवायच्या, महिन्यातून एकदा जमायचे आणि सभेला गैरहजर राहिल्यास दंड भरायचा, असा त्यांचा नियम होता. अशा दंडाच्या पैशांतून त्या काळच्या कंपन्यांनी बंब आणि शिड्या घेतल्या. फिलाडेल्फिया शहराने १८७१ मध्ये पगारी दल उभारले, परंतु शहराबाहेरची गावे आणि उपनगरे जुन्याच वाटेने चालत राहिली. येथे ‘कंपनी’ म्हणजे नफ्यासाठी चालणारा व्यवसाय नव्हे. बहुतेक कंपन्या सभासदांच्या मालकीच्या नोंदणीकृत संस्था आहेत, त्यांचे अध्यक्ष व खजिनदार निवडणुकीने ठरतात आणि आगीच्या जागी मात्र चीफचा (दलप्रमुखाचा) शब्द अखेरचा असतो.

आपण ९११ हा आपत्कालीन क्रमांक फिरवल्यावर फोन काउंटीच्या केंद्रात जातो. आपला पत्ता ज्या कंपनीच्या हद्दीत असेल तिला, आणि आगीचे स्वरूप गंभीर वाटल्यास त्याच वेळी आसपासच्या तीन-चार कंपन्यांना, इशारा दिला जातो. सभासदांच्या कमरेचे पेजर आणि खिशातले फोन वाजतात, काही गावांत फायरहाउसच्या छपरावरचा भोंगाही वाजतो, आणि माणसे जेवणाच्या ताटावरून किंवा झोपेतून उठून निघतात. त्यांना स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावण्याची परवानगी असते. पण या राज्यात निळ्या दिव्याला रस्त्यावर कोणताही अग्रहक्क नाही आणि लाल सिग्नलला इतरांप्रमाणेच थांबावे लागते. उलट बाजूने वाट काढत जायची सवय लागलेल्या आपल्या माणसांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पुरेशी माणसे आणि प्रशिक्षित चालक जमले की ट्रक बाहेर पडतो. रात्री आणि सुटीच्या दिवशी हे झपाट्याने होते. कामाच्या दिवशी भर दुपारी माणसे कमी पडतात, म्हणून अनेक कंपन्यांनी दिवसापुरते पगारी चालक नेमले आहेत. अग्निशमनाची सोय करणे ही टाउनशिपची, म्हणजे गावपातळीवरील स्थानिक प्रशासनाची, कायदेशीर जबाबदारी असल्यामुळे एखादी कंपनी दुबळी पडली तर शेजारची हद्द वाढवून घेते. घराच्या विम्याचा हप्ता ठरवताना विमा कंपन्या परिसराच्या अग्निसंरक्षणाची श्रेणी पाहतात. ती १ ते १० अशी असते आणि १ ही सर्वोत्तम. घर पक्के करण्यापूर्वी विमा प्रतिनिधीला ही श्रेणी जरूर विचारावी, कारण नळखांब (बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ) जवळ नसलेल्या घराला हप्ता जास्त पडू शकतो.

नळखांब नसलेल्या भागात पाणी कसे आणतात, हे पाहण्यासारखे असते. आमच्याकडे शेतांच्या मधोमध लागलेल्या आगीवर टँकरची फेरी चालते: रस्त्याच्या कडेला घडीची ताडपत्रीची टाकी उघडून ठेवतात, टँकर त्यात आपले पाणी काही क्षणांत ओततो आणि ओढ्यावर परत भरायला जातो, इंजिन, म्हणजे पंप बसवलेला बंब, त्या टाकीतून पाणी खेचत राहते आणि तोवर दुसरा टँकर येऊन उभा असतो. ही साखळी एका जागी तुटली तर पुढच्या नळीला पाणी नाही, म्हणून टँकरचा चालक आणि चौकातली वाहतूक रोखणारा फायर पोलीस यांचे मोल नळी धरणाऱ्याहून कमी नसते. फायर पोलीस हे एक खास पद आहे. शपथ घेतलेले हे स्वयंसेवक आग विझवत नाहीत, रस्ता सांभाळतात, आणि निवृत्त झालेली पुष्कळ माणसे ते काम आनंदाने करतात.

प्रत्यक्षात ज्वाळा दिसतील असे कॉल थोडे असतात. आपोआप वाजणारे अलार्म, महामार्गावरचे अपघात, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा, वादळात तारांवर पडलेली झाडे, पाण्याने भरलेली तळघरे, यातच बहुतेक वेळ जातो. सप्टेंबर २०२१ च्या आरंभी आयडा चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने ब्रँडिवाइन नदी विक्रमी पातळीला गेली, तेव्हा डाउनिंगटाउन आणि चॅड्स फोर्डच्या परिसरात होड्या घालून लोकांना काढण्याचे काम पुष्कळसे याच स्वयंसेवकांनी केले. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर पाहिलेल्या माणसाला त्या कामाचे स्वरूप वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

अलार्मच्या बाबतीत आपल्या लोकांचा वाटा लक्षणीय आहे, हे थोड्या संकोचाने नमूद करतो. मिरचीची फोडणी, पुऱ्यांचे तळण आणि गृहप्रवेशाचे होमहवन यांनी अपार्टमेंटमधला अलार्म वाजतो, सगळी इमारत थंडीत बाहेर उभी राहते आणि इंजिन येते. वारंवार असे झाल्यास पुष्कळ टाउनशिपा दंडही करतात. त्यावर उपाय म्हणून अलार्मची बॅटरी काढून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. तो उपाय नव्हे, आत्मघात आहे. खिडकी उघडून पंखा लावावा, हवनाला मोकळे अंगण शोधावे, आणि तेलाने पेट घेतलाच तर पाणी न ओतता शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे. दिवाळीच्या फटाक्यांविषयीही आताच सांगतो. या राज्यात २०२२ च्या कायद्यानुसार इमारतीपासून किंवा वाहनापासून १५० फुटांच्या आत फटाके उडवता येत नाहीत, म्हणजे उपनगरातल्या बहुतेक अंगणांत ते शक्यच नाही. शेजारच्या न्यू जर्सीत तर फुलबाज्यांसारख्या किरकोळ प्रकारांपलीकडे परवानगीच नाही.

आता सामील होण्याविषयी. प्रवेश अर्ज, पोलिसांची पार्श्वभूमी तपासणी, सभासदांचे मतदान आणि परिवीक्षेचा काळ, असा साधारण क्रम असतो. राज्याचे प्राथमिक प्रशिक्षण चार टप्प्यांत होते: ओळख, आगीच्या जागेवरील साहाय्य, बाहेरून लढणे आणि शेवटी आत शिरणे. ते संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी होते, पुरे व्हायला कित्येक महिने लागतात आणि त्या काळात कौटुंबिक कार्यक्रम बुडतात. पोशाख आणि श्वसनयंत्र धरून वीस-पंचवीस किलोंचे ओझे अंगावर असते. अर्ध्या तासाची म्हणून भरलेली हवेची बाटली धापा टाकणाऱ्या माणसाला पंधरा-वीस मिनिटेच पुरते आणि हवा एक तृतीयांश उरली की इशारा सुरू होतो. माणूस अर्धा मिनिट निश्चल राहिला तर कर्कश आवाज करणारे एक यंत्रही पट्ट्यावर असते, त्यामुळे प्रशिक्षकाचे बोलणे ऐकत उभे असलेले शिकाऊ सभासद ते वाजू नये म्हणून सारखे कंबर हलवत असतात. प्रथम पाहणाऱ्याला हा काय प्रकार आहे ते कळत नाही. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे म्हणून आत शिरणाऱ्याला दाढी ठेवता येत नाही.

धोक्याबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केला. काजळी लागलेला पोशाख म्हणून घरी आणायचा नसतो, आपल्या गाडीतही ठेवायचा नसतो. तो फायरहाउसमध्येच धुऊन टांगायचा आणि घरी जाताच अंघोळ करायची. मुलगी लहान असल्यास हा नियम काटेकोरपणे पाळावा. काम करताना दुखापत झाल्यास स्वयंसेवकाला राज्याच्या कामगार भरपाई कायद्याचे संरक्षण आहे. मात्र त्यामुळे आपला वैयक्तिक विमा रद्द करण्याचा विचार करू नये.

या कामाची दुसरी बाजू पैसे उभे करण्याची आहे, आणि माझ्या मते गावाशी नाते जुळते ते तिथेच. नवे इंजिन आज जवळजवळ दहा लाख डॉलरना पडते, पोशाखाचे आयुष्य नियमाने दहा वर्षांचे, आणि टाउनशिपचे अनुदान एवढ्या खर्चाला पुरत नाही. मग चिकन बार्बेक्यू, बिंगो, सोडती, लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या) शुक्रवारी मासळीचे जेवण आणि उन्हाळ्यात कार्निव्हल असे वर्षभर चालू असते; गणेशोत्सव मंडळात वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन फिरलेल्या माणसाला हे वातावरण पटकन ओळखीचे वाटेल. आमच्या काउंटीचे वैशिष्ट्य म्हणजे मड सेल. फेब्रुवारीअखेर बर्फ वितळून शेतात चिखल झालेला असताना फायर कंपन्या मोठे लिलाव भरवतात आणि त्यांत आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या, बग्ग्या, घोडे, अवजारे, लाकडी सामान सर्व काही विकले जाते. आमिश लोक स्वतः मोटार चालवत नाहीत, परंतु अनेक फायर कंपन्यांचे ते सभासद आहेत. दुसरा कोणी ट्रक चालवतो आणि ते मागे बसून आगीवर जातात. विजेशिवाय राहणाऱ्या, पंथाबाहेर फारसे न मिसळणाऱ्या समाजाला ज्या संस्थेने आपल्यात सहज सामावून घेतले, तिला शाकाहारी मराठी माणसाचे ओझे वाटत नाही. बार्बेक्यूच्या दिवशी कोंबडी भाजायची नसेल तर गाड्या लावून देण्याचे किंवा पैसे मोजण्याचे काम असतेच. काही कंपन्यांच्या इमारतीत मद्यपानगृह असते. ते ज्याला मानवेल त्याने वापरावे, न जाणाऱ्याला कोणी विचारत नाही.

मान मिळवण्याचा मार्ग मात्र एकच आहे. ड्रिल (सराव) संपल्यावर नळ्या पसरून त्यांतले पाणी खांद्यावरून पुढे सरकवत काढायचे, ब्रशाने घासायच्या आणि पुन्हा ट्रकवर घड्या घालून रचायच्या, या कंटाळवाण्या कामाला जो थांबतो त्याला दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारली जाते. पोशाखातला फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणारा आणि नळ्यांच्या वेळी गायब होणारा लवकरच बाजूला पडतो, मग तो कोणत्याही देशाचा असो.

माणसांची गरज किती आहे, हे एका आकड्यावरून कळेल. १९७० च्या दशकात या राज्यात सुमारे तीन लाख स्वयंसेवक होते; २०१८ च्या विधिमंडळ आयोगाच्या अहवालात हा आकडा ३८,००० वर आला. लांबचा प्रवास करून नोकरीला जाणारी माणसे, दोघांचीही नोकरी, वाढलेले प्रशिक्षण आणि निधीसाठी खर्च होणारे तास, ही त्याची कारणे. म्हणूनच आठवड्यातून काही दिवस घरून काम करणारा संगणक क्षेत्रातला माणूस कंपनीला हवाच असतो, अर्थात नोकरीच्या मालकाने दुपारी उठून जाण्यास लेखी संमती दिली असेल तर.

व्हिसासंबंधी: पूर्णपणे विनावेतन स्वयंसेवेला सामान्यतः अडचण येत नाही आणि पुष्कळ कंपन्या नागरिकत्वाची अट घालत नाहीत. अडचण येते ती पैशांची. काही ठिकाणी प्रत्येक कॉलमागे किंवा पाळीमागे थोडी रक्कम मिळते आणि एच-वन-बीवरील माणसासाठी ती अनधिकृत नोकरी ठरू शकते. असे काही देऊ केल्यास स्वीकारण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. २०१६ च्या कायद्याने सक्रिय स्वयंसेवकांना स्थानिक करात सवलत देण्याची मुभा टाउनशिपांना दिली आहे. तीसुद्धा त्याच वकिलाला विचारूनच घ्यावी. आपल्या पत्नीला एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करता येणार नसेल आणि त्यांना हिशेब किंवा लेखनाचा अनुभव असेल, तर राज्याच्या व केंद्राच्या अनुदानांचे अर्ज भरणारी व्यक्ती कोणत्याही फायर कंपनीला सोन्याच्या मोलाची वाटते. आगीजवळ न जाणारे असे सभासदही पूर्ण सभासदच असतात. तेथेही अट तीच: ते काम त्या कंपनीत पगारी नसावे. मुलगी चौदा वर्षांची झाल्यावर तिला ज्युनियर सभासद होता येईल. कायद्याने त्या वयाच्या मुलांना जळत्या इमारतीत नेता येत नाही.

येथे आल्यावर पहिले काही महिने घर, शाळा आणि वाहन परवाना यांतच जातील, तोवर अर्ज करू नये. त्यानंतर ड्रिलच्या संध्याकाळी फायरहाउसचे मोठे दार उघडे असते तेव्हा सरळ आत जावे, सपत्नीक गेल्यास अधिक चांगले, आणि तीन गोष्टी विचाराव्यात: दुपारच्या कॉलला किती माणसे येतात, परिवीक्षेत किती कॉल आणि किती ड्रिल सक्तीच्या आहेत, आणि प्रशिक्षणाचे शुल्क कोण भरते. उत्तरे देताना चीफ आकडे लपवत नसेल तर अर्ज मागून घ्यावा.