टेकडीवर मातीचं झाकण उचकटलं, आत काळा कोळी निघाला. हा टॅरंटुला का? आणि आता त्याचं काय होईल?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जुन्या चराच्या भिंतीत नाण्याएवढं मातीचं झाकण दिसलं, काडीने उचकटताना ते तुटलं आणि आत काळा, चकचकीत कोळी होता. चावतो का, असंही विचारलंय. आधी तुटलेल्या झाकणाचं सांगतो, कारण तुम्हाला त्याचीच रुखरुख लागलेली दिसते. काळजी करू नका. बीळ शाबूत असेल तर बहुधा एक-दोन रात्रींत नवं झाकण होईल. माती आणि रेशीम यांचे थरावर थर, वरून शेवाळ नाहीतर काडीकचरा, आणि एका बाजूला रेशमाचीच बिजागरी. बीळ मात्र उकरू नका. पूर्ण वाढलेल्या कोळिणीला पुन्हा पहिल्यापासून बीळ खणणं फार जड जातं, काही जातींना तर जमतच नाही.

कोळीण म्हटलं, कारण बिळात बसलेली अशी मोठी चकचकीत दिसली की ती बहुतेक मादीच. हा ट्रॅपडोअर कोळी, म्हणजे बिळाला झाकणाचं दार करणारा. टॅरंटुलाच्याच मोठ्या गटातला, पण वेगळा. आपल्या सह्याद्रीतले काही टॅरंटुलाही बिळात राहतात, पण ते केसाळ, आणि त्यांच्या बिळाचं तोंड उघडं, कडेला रेशमाचं अस्तर. झाकणबिकण काही नाही. दोघांचेही दात घरातल्या कोळ्यासारखे चिमट्यागत आडवे मिटत नाहीत, टिकावासारखे वरून खाली बसतात. श्वासाला पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांच्या दोन जोड्या. बहुतेक ट्रॅपडोअरच्या जबड्यावर शिवाय राठ काट्यांची एक रांग असते, माती खरवडायला. तिचं शास्त्रीय नाव रॅस्टेलम, लॅटिनमध्ये अर्थ ‘छोटं दाताळं’. नाव ठेवणारा शेतकऱ्याच्या घरातला असावा असं मला उगाच वाटतं.

चावण्याबद्दल: बोट घातलंत तर चावेल, दुखेल. जिवाला धोका नाही.

मी पहिल्यांदा हे पाहिलं ते ताम्हिणीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या दरडीत. सगळीकडे शेवाळ, त्यात एक तुकडा जरा जास्तच गोल. मीही तुमच्यासारखीच गवताची काडी घातली. झाकण अर्धा सूत वर आलं आणि आतून कुणीतरी गच्च खाली ओढलं. अक्षरशः खेचलं! दात आणि पुढच्या पायांच्या नख्या झाकणात रुतवून ती आतून धरून बसते. जवळच एक रिकामं, सोडलेलं बीळ होतं. त्याचं झाकण उलटून पाहिलं तर खालच्या पांढऱ्या रेशमात टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती, वर्षानुवर्षं त्याच जागी धरल्याची.

दिवसा दार बंद. रात्री ती ते किंचित उचलते, पुढच्या पायांची टोकं कडेवर ठेवून बसते. भुंगा किंवा मुंगी जवळून गेली की जमिनीची थरथर पायांना कळते. मग एक झडप, मागचे पाय मात्र बिळातच. कात टाकायच्या वेळी दार रेशमाने आतून शिवून घेते.

एवढा बंदोबस्त असूनही एक शत्रू आत शिरतोच, तो म्हणजे कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशी. ती कोळिणीला डंख मारून लुळी करते आणि अंगावर अंडं घालते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या शास्त्रज्ञ बाईंनी १९७४ पासून एकेका बिळाला क्रमांक देऊन नोंदी ठेवल्या होत्या. त्यातली १६ क्रमांकाची मादी ४३ वर्षं त्याच बिळात जगली. २०१६ मध्ये तिचं झाकण भोसकलेलं सापडलं. काम अशाच माशीचं असावं असं मानलं जातं. आपल्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या किती जणांपेक्षा ती जुनी रहिवासी, विचार करा.

नराचं नशीब वेगळं. तो वयात आला की बीळ सोडतो आणि मादी शोधत भटकतो, बऱ्याच जातींत पावसाच्या दिवसांत, आणि लवकर मरतो.

तुमचीची नेमकी जात फोटोवरून ठरणार नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. भारतात इडिऑप्स नावाची प्रजाती आहे, तिच्यातली एक जात २००५ मध्ये मुंबईच्या नावाने नोंदली गेली. पण प्रकार बघाल तर थक्क व्हाल. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत सासॉन आहे, ती जमिनीत नव्हे तर झाडाच्या सालीवर घर करते, दोन टोकांना दोन दारं. सायक्लोकॉस्मिया चीनमध्ये, थायलंडमध्ये आणि अमेरिकेत सापडते. तिचं पोट मागून सपाट, कापल्यासारखं, नाण्याच्या ठशासारखं नक्षीदार. संकट आलं की ती डोकं खाली करून बिळात घुसते आणि पोटाचंच बूच मारते.

इतक्या जाती का, तर बहुतेकांची पिल्लं लांब जात नाहीत. इतर बऱ्याच कोळ्यांची पिल्लं धाग्यावरून वाऱ्यावर उडतात, ही बहुतेक चालतच जातात आणि आईच्या दारापासून थोड्या अंतरावर आपलं बीळ काढतात. दोन डोंगरांमधली नदीसुद्धा त्यांना ओलांडवत नाही, मग लाखो वर्षांत अलीकडची आणि पलीकडची वेगळी होत जातात.

म्हणून पुन्हा गेलात तर त्याच चराच्या भिंतीत आजूबाजूला हातभर अंतरावर नीट बघा. हरभऱ्याच्या डाळीएवढी झाकणं दिसली तर ती बहुधा तिचीच पोरं.