पिल्लाच्या पोटातले जंत आणि गोळीचा हिशोब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या कुत्रीनं पाच पिल्लं दिलीत, आता दीड महिन्याची झालीत. अंगानं नुसता सापळा आन पोट नगाऱ्यासारखं. एकानं परवा ओकारी केली तर त्यात लांबलांब पांढरे जंत, वळवळायलेत. मागं मेडिकलवरून गोळी आणून सगळ्यांना थोडी थोडी दिली होती, जंत पडले, आठ-दहा दिवस बरं वाटलं आन परत पोटं फुगली. एक पिल्लू तर उठंनाच झालंय, काळी शी करायलंय. गोळी डुप्लिकेट होती का? आन पिल्लं अजून बाहेर पण गेली नाहीत, मग जंत आले कुठून?
– एक शेतकरी, ता. सेलू

उत्तर: बाकीचं नंतर वाचा, आधी त्या काळी शी करणाऱ्या पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी, अंगठ्यानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला पाहिजे. पांढरीफटक असली तर आजच दवाखाना, उद्या बाजारला जाताना नेऊ असं नको. डांबरासारखी काळी चिकट शी म्हणजे आतड्यात रक्त जातंय आणि या वयात ते काम बऱ्याचदा हुकवर्म नावाच्या जंताचं असतं. हा जंत जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचा, शीत सहसा डोळ्याला दिसत पण नाही, पण आतड्याला दात रोवून रक्त पितो. अशा पिल्लाला नुसती गोळी देऊन भागत नाही, लोह, सलाईन, कधी कधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त सुद्धा द्यावं लागतं. आणि शी लालभडक, घाण वासाची असंल, सोबत उलट्या असतील तर पार्वो (विषाणूचा जीवघेणा आजार) पण असू शकतो, तिथं जंताच्या गोळीवर वेळ घालवू नका.

आता तुमच्या गोळीचं. डुप्लिकेट नसावी, जंत पडले की. ओकारीतले लांब जंत म्हणजे गोलकृमी, आणि ते आले आईकडूनच. त्याच्या अळ्या कुत्रीच्या मांसात झोपल्यासारख्या पडून असतात, ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लांत जातात, थोड्या नंतर दुधातून पण येतात (हुकवर्म मुख्यतः दुधातूनच). म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला, पुढं सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. गोळी आतड्यातले जंत मारते, पण लिव्हर-फुप्फुसातून फिरत येणाऱ्या अळ्या तिच्या तावडीत सापडत नाहीत, त्या पंधरा दिवसांनी आतड्यात येऊन मोठ्या होतात आणि तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं नाही. पिल्लांसोबत आईला पण डोस द्या, हे सगळेच विसरतात.

आणि थोडी थोडी म्हणजे किती? मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या दहा किलोच्या कुत्र्याला एक अशा हिशोबाच्या असतात, तुमचं पिल्लू दोन किलोचं. पिशवीत घालून भाजीच्या काट्यावर वजन करा आणि डॉक्टरांकडून पातळ औषध घ्या, सिरिंजनं मोजून देता येतं.

शी तपासायची तर ताजी, चमचाभर पुरे, मातीत कालवलेली नको, झाकणाच्या डबीत न्या. संपृक्त मिठाच्या पाण्यात ढवळून दहा-पंधरा मिनिटं ठेवली की जंताची अंडी वर तरंगतात, ती काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायची. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तुम्हाला परभणी जवळ. अंडी दिसली नाहीत म्हणजे जंत नाहीत असं धरू नका, पूर्ण वाढ न झालेले जंत अंडी घालतच नाहीत. तपासणीचा खरा फायदा दुसराच, कॉक्सिडिया सापडला तर कळतं, तो आतड्यातला एकपेशी सूक्ष्मजीव, जंत नाही आणि नेहमीच्या जंताच्या गोळीनं मरत नाही, त्याचं औषध वेगळं.

शी रोज उचलून लांब पुरा. गोलकृमीची अंडी बाहेर पडल्यावर धोकादायक व्हायला दोनेक आठवडे तरी लागतात, तेवढ्यात उचलली की झालं, नाहीतर मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात आणि अळी डोळ्यापर्यंत सुद्धा पोचते.

प्रश्न: सर, कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आहे, चार महिन्यांचं. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलेलं असतं. पायरँटेल (जंताचं औषध) दोनदा दिलं, फरक शून्य.
– एक वाचक, लातूर

उत्तर: पडणार पण नाही फरक, हा पट्टकृमीचा (पट्टीसारख्या चपट्या जंताचा) तुटलेला तुकडा आहे आणि पायरँटेल या जंतावर चालत नाही, प्राझिक्वांटेल लागतं. ताजा तुकडा काकडीच्या बीसारखा असतो, हलतो पण. पण आधी पिसवा बघा! अंगातली पिसू चावून गिळली की तिच्या पोटातला पट्टकृमी कुत्र्यात जातो, त्यामुळं पिसवा ठेवून गोळी दिली तर महिन्याभरात परत तेच. कुत्र्याला पिसवांचं औषध आणि झोपायचं पोतं उकळत्या पाण्यात, दोन्ही एकाच दिवशी करा.

प्रश्न: पिल्लाला गोचीड लई झालेत, ताप पण आहे. शेजारी म्हणतेत म्हशीचं इंजेक्शन थोडं टोचा. टोचू का?
– एक वाचक, गेवराई

उत्तर: नाही. ते आयव्हरमेक्टिन असंल तर अंदाजाच्या डोसनं पिल्लू थरथरतं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं. ताप आहे म्हणजे रक्ताची स्लाइड करून घ्या, गोचिडातून बबेसिया आणि एर्लिकिया हे रक्तातले दोन्ही जंतू येतात आणि दोघांची औषधं वेगळी. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर मात्र रात्र काढू नका.