क्लेमेंटी ऐकायला कुठून सुरुवात करावी

पियानो शिकताना मुझिओ क्लेमेंटी या संगीतकाराच्या ओपस ३६ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधल्या सोनाटिना, म्हणजे छोट्या सोप्या सोनाटा, घोटून घेतात, त्यामुळे क्लेमेंटी म्हणजे बोटांचा व्यायाम असं तुला वाटत असेल, तर नवल नाही. त्या बाजूला ठेव आणि एफ शार्प मायनर या स्वरपट्टीतली सोनाटा (अनेक भागांची पियानो-रचना) लाव, ओपस २५ मधली पाचवी. जुन्या रेकॉर्डवर तीच ओपस २६ क्रमांक २ म्हणून छापलेली सापडेल, गोंधळू नकोस. पियानोवादक होरोविट्झनं १९५४ मध्ये वाजवलेली मिळाली तर सोडूच नकोस! रात्री, हेडफोन लावून ऐक. मधल्या संथ भागात सूर इतके सुटे येतात की दोन सुरांमधली शांतताही ऐकू येते. मला तिथे आजही गलबलून येतं.

१७८१ मध्ये व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफसमोर क्लेमेंटीची मोझार्टशी पियानोवर जुगलबंदी झाली. पुढे मोझार्टनं पत्रांत त्याला निव्वळ यांत्रिक ठरवलं. तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही, आणि हा अन्यायच आहे. बीथोवनला मात्र क्लेमेंटीच्या सोनाटा फार आवडायच्या.

१८२१ ची त्याची 'दिदोने आबांदोनाता' ही सोनाटा घाईनं ऐकू नकोस. कान थोडा रुळला की महिन्याभरानं लाव.